दारापासून पंधरा फूट

हजर: सातांपैकी सहा.
सातवा, वेंडेल ओकर्लंड, बर्फ उपसायच्या गाडीवर.
तिच्यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही
हे मागच्या सभेत ठरलं, त्याच्याच सूचनेवरून.

मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं.
कोण काय बोललं ते लिहायचं नसतं,
ठरलं काय, तेवढंच.
खोकला लिहायचा नसतो.

विषय चार: पूल.
विषय पाच: धूर.
पुलाला सहा मिनिटं लागली;
पैसे नाहीत म्हणायला तेवढीच लागतात.
धुराला पावणेतीन तास.

डेल्मर क्रुपा टोपी मुठीत चुरगळत उठला.
म्हणाला, माझ्याकडे कुणी बिअरसाठी येत नाही,
घरी कुणी नाही म्हणून येतात.
सरोवरावरून वारा सुटल्यावर
त्यांना बाहेर काढू? तुम्ही काढा.

मग ग्रंथपाल इर्मा स्कोग.
पाकिटामागे राज्य जो कर कापतं
त्यातला चिमूटभर आपल्यापर्यंत झिरपतो,
त्यावर वाचनालयाची भट्टी पेटते, शनिवारची तर नक्कीच.
आकडे वाचून तिने चष्मा काढला,
आणि म्हणाली, तरी बंदी हवी.
स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना
इतकं ताठ उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

कोरलीन बोलणार नव्हती.
क्रुपाकडेच बावीस वर्षं ग्लास भरतेय ती,
आयुष्यात एक झुरका घेतला नाही.
डॉक्टरने विचारलं, दिवसाला किती?
तिने सांगितलं, अकरा टेबलं.
खाली बसताना तिने क्रुपाकडे पाहिलं नाही,
त्यानेही तिच्याकडे नाही.
पण परतताना तोच तिला गाडीतून सोडणार होता,
तिची गाडी डिसेंबरपासून बंद आहे.

तीन विरुद्ध तीन.
वेंडेलची वाट पाहिली. कुणीतरी बिस्किटं काढली.
साडेदहाला आला, मिशीवर बर्फ,
कोटाला त्याच्या तंबाखूचा तोच जुना वास.
पिवळ्या बोटांचा हात त्याने वर केला.
ठराव मंजूर.
बोटांचा रंग मी लिहिला नाही.

कोणत्याही दारापासून पंधरा फूट, असं कलम आहे.
सोमवारी फीत घेऊन मोजायला गेलो,
एक टोक माझ्याकडे, एक वेंडेलकडे.
क्रुपाच्या दारापासून तो मागे मागे जात राहिला,
अकराव्या फुटाला आमची काउंटी संपली.
तो पलीकडच्या काउंटीत उभा, गुडघाभर बर्फात,
तिथे बंदी नाही.
उपसायची गाडीही अकराव्या फुटालाच वळते.
ते बर्फ कुणाचंच नाही,
आणि आमची ओढायची जागा नेमकी तीच.
वेंडेल हसला. मग तिथेच एक पेटवली.
कायदेशीरच होती.

मार्चमध्ये राज्याचं अनुदान आलं.
पुलाचं असेल म्हणून मी पाकीट घाईने फाडलं.
पाट्या होत्या. धूम्रपानास मनाई. साठ.
गावात सार्वजनिक दारं एकतीस.
परत पाठवायचा टपालखर्च
कोणत्या खात्यात टाकावा ते कुणाला कळेना,
म्हणून दोन बंद पुलाच्या अडसरावर ठोकल्या.
पुलावर कुणी जात नाही.
ठराव तिथे तंतोतंत पाळला जातो,
वार्षिक अहवालात मी तसं लिहिलंय.
उरलेल्या माझ्या टेबलाखाली आहेत,
पाय ठेवायला बऱ्या पडतात.

मीही ओढते. हे आधी सांगायला हवं होतं.
रात्री तिकडे पाच-सहा जण असतो,
खांदे वर, पाठ वाऱ्याकडे,
कुणी फारसं बोलत नाही.

परवा कोरलीन बाहेर आली, हातात फावडं.
दारापासून सुरू केलं. मध्येच थांबायची,
छातीवर हात ठेवून श्वास धरायची, पुन्हा.
क्रुपा दारात आला, फावडं मागू लागला,
तिने दिलं नाही.
अकराव्या फुटाला ती थांबेल असं वाटलं.
थांबली नाही. आमच्या बुटांपर्यंत वाट काढली,
धूर टाळायला मान वळवून.

कोणत्या निधीतून, ते कुणी विचारलं नाही.